सोमवारी गडद, शनिवारी फिके

३ जुलै

प्रिय वहिनी,

परवा फोनवर मी तुझ्या गुडघ्याची चौकशी करत होते आणि तू "हो हो, पाठवून द्या" म्हणालीस. कोणता गुडघा पाठवू? कारखान्याच्या धडधडीने तुझे कान नेले हे आता कबूल कर आणि फोनचा नाद सोडून देऊ. आजपासून पत्र. शाळेत सिस्टर आम्हाला दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायच्या. समास सोडायचा, खाडाखोड करायची नाही, पहिली ओळ हवेची आणि शेवटची "काळजी नसावी". दादा त्या पत्रांना हवामान खातं म्हणायचा. तर हवा दमट आहे, वहिनी, आणि मी बरी आहे.

खरं म्हणजे तितकीशी बरी नाही. यंदापासून आमच्या विद्यापीठात शाश्वतता हा विषय पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना सक्तीचा केला आहे. माणसाने पाणी, माती, हवा कशी वापरावी म्हणजे ती पुढच्यांनाही पुरेल, असा तो विषय. कोण शिकवणार म्हणून मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळे प्राध्यापक एकदम आपापल्या कागदांत बुडाले. मी चष्मा पुसत होते, त्यामुळे माझी मान तेवढी वर होती. झालं. वनस्पतिशास्त्राची बाई म्हणजे हिरवं काहीतरी, एवढाच त्यांचा विचार.

वर्गात कोण नाही ते विचार. इंजिनीअर होणारे, हिशेबनीस होणारे, वकील होणारे, नर्सिंगच्या मुली, आणि संगीत शाखेचा एक, जो बाकावर बोटांनी ताल धरून बसतो. मी नद्यांबद्दल बोलते तेव्हा इंजिनीअर मागे आपली गणितं सोडवतात. कायद्याचा एक मुलगा आहे, त्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात. त्याने उभं राहून विचारलं, "मॅडम, यातलं परीक्षेला नक्की काय?" नर्सिंगच्या मुली वॉर्डातली पाळी करून येतात आणि झोपतात, आणि त्यांना उठवावं असं मलाही वाटत नाही. इतकी वर्षं शिकवलं, वर्गाने माझ्यासमोर अशी मान कधी टाकली नव्हती. तास संपला की जिना उतरताना लाज वाटते, बाकीचे प्राध्यापक समोरून येतात म्हणून.

तुझं लिही. कारखान्याचं सविस्तर लिही. वाचताना मला तो वाफेचा वास येतो आणि बरं वाटतं.

तुझी,
वन्सं


१५ जुलै

वन्सं,

पत्र मिळालं. मुकादमांनी ते साऱ्या कारखान्यात मिरवून मग माझ्या हातात दिलं. गुडघा माझा माझ्यापाशीच आहे, दुसरा पाठवू नका.

तुमच्या वर्गाचं वाचून हसू आलं, मग वाईट वाटलं. अहो, पोरं झोपणारच. पृथ्वी म्हटलं की माणसाला वाटतं, ती कोणीतरी बघतंय. आमच्याकडे नवीन माणूस कामाला आला की मी त्याला रंगाचं काही समजावत बसत नाही. हातात ओला तागा देते आणि पीळ म्हणते. संध्याकाळी साबणाने हात निघत नाहीत, की दुसऱ्या दिवशी तोच विचारायला लागतो. तुम्ही पण त्यांच्या हातात काहीतरी ओलं द्या. कोरडं बोलून काही व्हायचं नाही.

इकडे काम बरं आहे. शाळांच्या गणवेशांचं कापड आलंय. सोमवारी काळा आणि नेव्ही ब्लू, मग मरून, मग बाटलीचा हिरवा, असं करत शनिवारी आकाशी आणि मोतिया. मामंजींनी लावून दिलेला क्रम, तो यांनीही मोडला नाही आणि मीही नाही. सोमवारी माणसं ताजी असतात, गडद रंगाला घुसळणं जास्त, म्हणून तो आधी. मधे मधे हौद घासून धुवावे लागतात, ते लागतातच.

आता एक लिहिते ते तुमच्यापाशीच ठेवा. मागच्या अंगाला सांडपाणी साफ करायची टाकी आहे ना, यांनी हौसेने बसवलेली? हे गेल्यापासून तिची मोटर सारखी जळते. वीज खाते, औषधं खाते, आणि एक माणूस तिच्यापाशी अडकून पडतो. खरं सांगायचं तर ती आता चालत नाही. तपासणीवाले यायचे असले की त्यांच्याच ऑफिसातला शिपाई मुकादमांच्या कानावर घालतो, मग आम्ही ती सुरू करतो. ते गेले की बंद. एरवी पाणी जसं आहे तसं नाल्यात जातं.

मी मागच्या दाराने जाणंच सोडलंय. पुढच्या दाराने सगळा फेरा घालून जाते, पण त्या पाण्याकडे बघत नाही. हे असते तर माझ्याशी बोलले नसते. मुकादम म्हणतात, सगळेच असं करतात. सगळे करतात म्हणून मला झोप येत नाही त्याचं काय?

तुमचा आता हाच विषय आहे म्हणून विचारते. आहे त्यात भागेल असा काही मार्ग असेल तर सांगा. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही. विचारलं की कळलं.

तुमची,
वहिनी


१ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू शहाणी आहेस, आणि हे मी वर्गातही सांगणार होते, पण राहिलं.

तुझं ऐकलं. हातात ओलं दिलं. एका कारखान्याची गोष्ट रचून सांगितली आणि म्हटलं, हा कारखाना बंदही पडायला नको आणि खालच्या लोकांचं पाणीही नासायला नको, बसा आणि सोडवा. गट पाडले, प्रत्येक गटात प्रत्येक शाखेचा एक. पहिल्या दिवशी एकमेकांकडे असे बघत होते जसे लग्नात दोन्हीकडची माणसं बघतात. मग इंजिनीअर म्हणाला, मोटर जळते म्हणजे ती लहान पडते. हिशेबवाली म्हणाली, टाकी बंद ठेवून वाचतं ते मालकाचं, पण खालच्या वस्तीत औषधाला जातं ते कुठे मांडायचं? त्यावर वकीलसाहेब उठून उभा राहिला आणि दोघं इतकी भांडली की शेजारच्या वर्गातून निरोप आला. नर्सिंगच्या मुली जाग्या आहेत, वहिनी. एकीने विचारलं, या पाण्याने त्वचेला काय होतं ते मी वॉर्डात बघू का? तालवाला सुद्धा ताल विसरला.

काल विभागप्रमुखांनी जिन्यात थांबवून विचारलं, "बाई, तुमच्या तासाला दुसऱ्या तुकडीची मुलं का येऊन बसतात?" शाळेत प्रगतीपुस्तक मिळाल्यावर चालायचे तशी मी चालत घरी आले.

तुझ्या प्रश्नावर विचार चालू आहे. अशा गोष्टीत घाईने काही सांगू नये. तोवर आहे तसं चालू दे. मी कळवते.

काळजी नसावी.

तुझी,
वन्सं


२३ ऑगस्ट

वन्सं,

तुमचा वर्ग जागा झाला हे वाचून बरं वाटलं. मार्ग अजून कळला नाही. घाई नाही म्हणता, पण इथे पाणी रोज जातं.

परवा एक गंमत झाली. दोन कॉलेजची मुलं आली, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांच्या गाण्याच्या मंडळासाठी कापड रंगवून हवंय म्हणाली. कोणता रंग, तर दोघांनी एकदम दोन वेगळे रंग सांगितले. मी म्हटलं, आधी घरी जाऊन भांडून या. मुलगा बोलताना रिकाम्या पिंपावर बोटं वाजवत होता, मुकादमांना ते आवडलं, त्यांनी त्याला अजून एक पिंप दाखवलं. मुलगी नर्सिंगला आहे. आपल्याच बाजूची निघाली, नाल्याच्या खालच्या वस्तीतली, शिकायला तुमच्या गावी राहते. शांत पोर. सगळं नीट बघत होती. मला म्हणाली, "तुम्ही सोमवारी गडद रंग का करता?" मी तिला मामंजींचं सांगितलं. कोणी विचारलं की बरं वाटतं.

चहा दिला. बोलता बोलता म्हटलं, माझी नणंदही तुमच्याच विद्यापीठात आहे, झाडांचं शिकवते, फार हुशार. तर ती पोर कप हातात धरून बसून राहिली. चहा तसाच ठेवून गेली. साखर जास्त झाली असेल.

जाताना मुलगा मागच्या अंगाला गेला. मोरी शोधत होता म्हणाला. कापड काही आलं नाही अजून.

तुमची,
वहिनी


२८ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे.

माझं ऐक आणि उद्यापासून टाकी रोज चालव. मोटर जुनी असली तरी चालव, एक माणूस तिथे बसव. खर्चाचं आपण नंतर बघू. का ते विचारू नकोस, मी सांगते म्हणून कर.

आणि अनोळखी मुलांना कारखान्यात फिरवत जाऊ नकोस. घरच्या गोष्टी तर मुळीच सांगू नकोस. हल्ली कोण कशासाठी येतं सांगता येत नाही.

तुझी,
वन्सं


२० सप्टेंबर

वन्सं,

तुम्ही लिहिलंत म्हणून टाकी चालवली. मोटर पुन्हा जळली. दुरुस्तीला दिली होती, तेवढ्यात हे झालं.

गुरुवारी प्रदूषण ऑफिसची माणसं आली. या वेळी आधी काही निरोप नाही. साहेब नवीन, तरुण, हातात छापील अहवाल. त्यांनी आत पाऊल न टाकता थेट मागे जाऊन नाल्याचं पाणी बाटलीत भरलं. बुधवारपासून मरूनचं काम होतं, पाणी कसं असणार ते तुम्हाला ठाऊक आहे. मग हौदांना आणि बॉयलरला कागद चिकटवले आणि लाख लावली. माणसं दारात उभी होती, कोणाचे हात पुसायचे राहिले होते. मी त्यांना घरी जा म्हटलं. जाईनात. मग मुकादम म्हणाले, "बाईंना एकट्यांना बसू द्या," तेव्हा गेली.

हा उद्योग त्याच दोन पोरांचा, मला शंका नाही. तुमच्याच विद्यापीठाची आहेत. तुम्ही शोधून काढा त्यांना. माझा चहा पिऊन माझ्याच मागच्या दाराने गेली. चांगले कान धरा त्यांचे, आणि त्यांना हे शिकवतं कोण, तेही विचारा.

आणि साहेबांना द्यायला एक अर्ज लिहून पाठवा. तुमचं लिहिणं चांगलं, वर विद्यापीठाचं नाव. वरच्या लोकांशी तुमची ओळखदेख असेल.

वाट बघते.

तुमची,
वहिनी


८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तू कान धरायला सांगितलेस ते माझेच आहेत.

मी कोणतीही गोष्ट रचली नव्हती. तुझं जुलैचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी ते वर्गात सांगितलं. नाव काढलं, गाव काढलं, दादाचं काढलं, तुझ्याऐवजी "मालक" घातला. बाकी सगळं तुझं. मोटर, शिपायाचा निरोप, तपासणीच्या दिवशी चालणारी टाकी. आठवड्याचे रंगसुद्धा मी तसेच ठेवले, सोमवारी गडद, शनिवारी फिके, कारण मला ते फार सुंदर वाटलं. वहिनी, मी रंगाऱ्याची मुलगी, आणि या वयापर्यंत मला वाटत होतं की जगातले सगळे रंगारी सोमवारी गडद रंग करतात.

नर्सिंगच्या त्या मुलीने हात वर केला. "मॅडम, हा कारखाना खरा आहे."

मी म्हणाले, "उदाहरणादाखल आहे."

"नाही मॅडम. माझे मामा रंगारी आहेत. सगळे फिक्याकडून गडदाकडे जातात, म्हणजे हौद कमी धुवावे लागतात. उलटं जाणारा एकच आहे, आमच्या वरच्या अंगाला. लहानपणी आम्ही नाल्याकडे बघून वार सांगायचो."

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिच्या आजीच्या पायांना जखमा आहेत, त्या बऱ्याच होत नाहीत. आजी त्याच पाण्यात धुणं धुते.

त्या दिवशी मी थांबवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, हे मला एका माणसाने विश्वासाने सांगितलंय, आधी त्या माणसाशी बोलू. पण वर्ग असा जागा झाला होता की मला तो पुन्हा झोपू द्यायचा नव्हता. तू मार्ग विचारला होतास. इंजिनीअरने तो मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच दिला होता, मोठी मोटर आणि धुण्याच्या पाण्याचा फेरवापर. मी तुला कळवलं नाही. तू टाकी सुरू केली असतीस तर आमचं उदाहरण संपलं असतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा असं बोलले नव्हते, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

ती दोघं तुझ्याकडे जाणार हे मला माहीत नव्हतं, एवढं खरं मान. ती परत आली त्या तासाला मुलगी उठली आणि म्हणाली, "त्या बाई चांगल्या आहेत, मॅडम. त्यांनी चहा दिला. त्यांची नणंद इथेच वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणाल्या. तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी म्हणाले, "विभाग मोठा आहे."

वहिनी, आमच्या विभागात आम्ही चौघं आहोत आणि त्यातले तिघे पुरुष. हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि खाली बसली. वकीलसाहेबाने वहीत डोकं घातलं, जसे मीटिंगमध्ये आमचे प्राध्यापक घालतात तसं.

मुलांनी लिहिलेला अहवाल प्रदूषण ऑफिसला जायचा होता, त्यावर मार्गदर्शक म्हणून माझी सही लागत होती. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सही केली नसती तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून केली. आजीचे पाय मनात होते असं मी तुला सांगू शकते, पण ते नंतर आले. आणि सही केल्यावर तुला घाईघाईने लिहिलं, टाकी चालव, का ते विचारू नकोस. तुला वाटलं असेल, काळजीने लिहिते आहे.

अर्ज मी कोणत्या तोंडाने लिहू? तू सांगशील तर लिहीन. तू काहीच लिहिलं नाहीस तरी मला कळेल.

तुझी,
वन्सं


२९ ऑक्टोबर

वन्सं,

लिहायचं नव्हतं. मुकादम रोज विचारतात, बाई, पत्र टाकलं का. त्यांना वाटतं, अर्जाचं चाललंय.

मला माहीत होतं. ऑगस्टच्या पत्रात तुम्ही इंजिनीअरची मोटर लिहिलीत तिथेच पाल चुकचुकली. मग ती पोर समोर उभी राहून विचारते, सोमवारी गडद का. घराबाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडेल कसा? नणंदेचं मी मुद्दाम काढलं, तिचं तोंड बघायला. साखर बरोबर होती. आणि लाख लागल्यावर मी तुम्हाला लिहिलं, त्यांना शिकवतं कोण ते विचारा. याहून दार किती उघडं ठेवायचं? त्यावर तुम्ही किती दिवस घेतलेत. कॅलेंडरसमोरून जाताना मी मान फिरवत होते.

अहवालाचं मी काही बोलणार नाही. पाणी घाण होतं, मी ते जाऊ देत होते. तुम्ही नाही तर कोणीतरी केलंच असतं, आणि करायला हवंच होतं. पण मी तुम्हाला मार्ग विचारला होता, वन्सं. घरच्या माणसाला विचारला होता. तुम्ही मला धड्यात घातलंत.

आता माझंही ऐका. तुमचं पत्र आल्यावर मी मागचं दार उघडलं आणि नाल्याच्या कडेने खाली चालत गेले. किती वर्षांत गेले नव्हते. काम बंद आहे, त्यामुळे पाणी पाण्यासारखं दिसत होतं. वस्तीत त्या मुलीचं घर विचारत गेले. आजी एकटीच होती, दारात पाय पसरून बसलेली. तिने मला स्टूल दिलं. जखमा मी बघितल्या. तुम्हाला लिहीत नाही.

तिने विचारलं, "तू कुठली गं?"

मी म्हणाले, "वरच्या अंगाची."

एवढंच. "रंगाच्या कारखान्याची" हे शब्द तोंडाशी आले आणि परत गेले. ती म्हणाली, वरची माणसं कधी इकडे येत नाहीत, आलीस बरं वाटलं. मी तिच्या हातचं पाणी पिऊन परत आले. वाटेत तुमची आठवण झाली. तुमचा विभाग किती मोठा असेल ते मला तेव्हा कळलं.

म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मी मलाच केलेलं नाही.

अर्ज नको. वर्गाला घेऊन या, सगळ्यांना, त्या वकिलालाही. ज्याने कागद केला त्यानेच कागदातून बाहेर पडायची वाट दाखवावी. इंजिनीअरांना टाकी दाखवते. आणि मी तुमची कोण, ते गेटवर तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.

वहिनी


२४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

काल बस पोचायला रात्र झाली. मुलं उतरून गेली, मी रिक्षाने घरी आले, आणि आज सकाळी पहिलं काम हे.

गेटवर मी जे बोलले ते बसमध्ये मनात इतकं घोकलं होतं की तिथे उभी राहिल्यावर पाठ म्हटल्यासारखं आलं. ह्या माझ्या वहिनी, हा माझ्या वडिलांचा कारखाना, या रंगावर मी शिकले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाकारलं. मला वाटलं होतं, कोणीतरी दचकेल. कोणी दचकलं नाही. त्यांच्यापुरतं ते जुनं झालं होतं. हिशेबवाली पायांकडे बघत होती. तालवाल्याने हात खिशात घातले होते.

तू त्यांना छान सांभाळलंस. टाकीवर वाकलेले इंजिनीअर बघून मला दादाच आठवला, तोही असाच अर्धा आत लोंबकळून हाका मारायचा. वकीलसाहेबाने बंदीचा हुकूम वाचून सांगितलं की टाकी महिनाभर नीट चालवून दाखवली तर काम टप्प्याटप्प्याने सुरू करता येतं, ते तू दोनदा वाचून घेतलंस. आणि त्या मुलीने तुला क्रम उलटा करायला सांगितला, फिकं आधी, म्हणजे मोतियाचं धुण्याचं पाणी आकाशीला चालेल, आकाशीचं पुढच्या रंगाला, आणि नाल्यात जाईल ते थोडकंच. सगळे तुझ्याकडे बघत होते. तू हौदाच्या काठावरून हात फिरवलास. मग म्हणालीस, "मामंजी रागावतील, पण रागावू देत." मुकादमांनी तोंड फिरवलं.

त्यानंतर तू जे केलंस ते मी तुझ्या मागे उभी राहून बघत होते. तू त्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझ्या आजीला मी खोटं सांगितलंय. चल, तुझ्यादेखत खरं सांगते." आणि तिचा हात धरून मागच्या दाराने निघालीस. परत आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि तिचे नव्हते. आजी काय म्हणाली ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. विचारायचा हक्क मला वाटला नाही.

मोटरचं मी बघते. सुटी लागली की येऊन टाकीपाशी बसते, तुझा माणूस मोकळा होईल. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी माझं वाचत बसेन.

एक लिहायचं राहिलंय. काल दिवसभर तू मला मॅडम म्हणालीस. "मॅडम, इथे निसरडं आहे." "मॅडमना खुर्ची द्या." चहाचा पहिला कपही मला, दोन्ही हातांनी. इतक्या वर्षांत तू मला कप असा कधी दिला नव्हतास. ओट्यावर ठेवून "घ्या हो तुमचा" म्हणायचीस.

परतताना बसमध्ये वकीलसाहेब माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मॅडम, एवढं होऊनही तुमच्या वहिनी तुम्हाला किती मान देतात."

मी हो म्हणाले.

तुझी